शेवटच्या ओळीतला न

मी डोळे तपासायचा एक जुना तक्ता आहे, मित्रांनो, आणि माझ्याकडे सगळे वीस फुटांवरूनच बघत. कोणी पुढे सरकला, की डॉक्टर ओरडत.

माझा जन्म छापखान्यातला. वर तळहाताएवढा एक क, खाली बारीक होत गेलेली अक्षरे आणि तळाला इवलीशी ओळ: ग, र, प, ल, ट, म, न. बंदराच्या तपासणी खोलीत मला टांगले तेव्हा पहिले डॉक्टर म्हणाले, "छपाई कशी ठसठशीत आहे!" ते कौतुक मी जपून ठेवले आहे, कारण पुढे कोणी केले नाही. क्रेन चालवणाऱ्यांना दरवर्षी माझ्यासमोर उभे राहावे लागे. शेवटची ओळ वाचता आली तर परवाना पुढे चालू, नाहीतर क्रेनवरून खाली.

डॉक्टर बदलत गेले, मी मात्र तोच. बाहेरच्या बाकावर माझी शेवटची ओळ पाढ्यासारखी घोकली जाई. "शेवटी न आहे, विसरू नकोस," असे तपासून आलेला पुढच्याला बजावी. वाचणारा अडखळतो, पाठ म्हणणारा अडखळत नाही, हे मला कधीच कळून चुकले होते. पण तक्त्याला विचारतो कोण?

एके सकाळी साफसफाईच्या मावशींनी मला ओल्या फडक्याने खसाखसा पुसले. जुना कागद सोलवटला आणि न निघून गेला. "अगं बाई!" म्हणून मावशी तिथून सटकल्या.

त्या दिवशी पहिलेच आत आले ते गरुडकाका. तीस वर्षे क्रेनच्या उंच केबिनमधून त्यांची नजर कधी चुकली नव्हती, म्हणून हे नाव. त्यांनी एका डोळ्यावर हात धरला आणि एका दमात सातही अक्षरे म्हटली. नव्या डॉक्टरीणबाई उठून माझ्याजवळ आल्या.

"काका, न कुठे दिसला?"

"शेवटी. मच्या पुढे."

"तिथे काहीच नाहीये."

काका दोन पावले पुढे आले, मग चार. अखेर त्यांचे नाक मला टेकायचेच बाकी राहिले.

"बाई, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. मला वरून सगळं अंदाजाने कळतं हो."

"खाली हुक कोण अडकवतं?"

"माझा जावई," काका म्हणाले.

काकांनीच परवाना खिशातून काढून टेबलावर ठेवला. मला वाईट वाटले, आणि सुटल्यासारखेही वाटले.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. बाईंनी तीन नवे तक्ते मागवले; ते आता आलटून पालटून लागतात. मी दाराशेजारी धूळ खात असतो.

चार महिन्यांनी, शस्त्रक्रिया झाल्यावर, काका पुन्हा आले. नवा तक्ता त्यांनी अडखळत, सावकाश वाचला आणि परवाना परत मिळवला. निघताना ते खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिथून माझ्याकडे बघू लागले.

"ग... र... प... ल... ट... म," ते थांबले. "आणि पुढे काही नाही."

मित्रांनो, तुमची पाळी येईल तेव्हा एवढेच करा. दिसेल तेवढेच सांगा.