खडा की बुडबुडा?

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-तारे बघायची नव्हे हं, पोटात उतरायची. बोटाएवढी जाड, काळीभोर, हवी तशी वळणारी. टोकाशी एक डोळा, तोही समोर नाही, कडेला! त्यामुळे हॉस्पिटलात आल्या आल्या माझं नाव पडलं चकणी.

आधी राग आला. मग कळलं, माझा मानच त्यात आहे. लिव्हरमधून पित्त आणणारी नळी आतड्यात जिथे उघडते, ते इवलंसं दार असतं आतड्याच्या कडेच्या भिंतीत. नाकासमोर बघत जाणाऱ्या माझ्या बहिणींना ते नीट दिसतच नाही. मला मात्र बरोब्बर दिसतं. चकणी तर चकणी!

त्या नळीत खडा अडकला की पित्त तुंबतं. माणूस हळदीसारखा पिवळा पडतो, हुडहुडी भरते, ताप चढतो. पूर्वी त्यासाठी सरळ पोट उघडायचे. मी तोंडातून जाते. एक टाका नाही! याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

काम झालं की मी मावशींच्या ताब्यात. मावशी म्हणजे मला धुणाऱ्या. आधी माझ्यात हवा भरून त्या मला टबातल्या पाण्यात बुडवायच्या. कुठे भोक पडलं असेल तर बुडबुडे येतात. मावशी वाकून, श्वास रोखून बघत बसायच्या. मग ब्रश. माझ्या टोकाशी एक छोटीशी झडप आहे, तिच्या मागे घाण दडून बसते. तिथे तर मावशी घासतच राहायच्या.

"मावशी, बाळाला न्हाऊ घालताय का?" सिस्टर चिडवायच्या.

"हसा! ही उद्या तुमच्या पोटात गेली म्हणजे कळेल."

एकदा शाळेच्या बसचे ड्रायव्हर आले. पोरं त्यांना हॉर्नकाका म्हणायची. डोळे पिवळेजर्द. मागच्या तापात दोन दिवस ते बायकोलाही ओळखत नव्हते. एवढासा खडा जरी आत राहिला असता, तरी तो ताप परत येणार होता.

टेबलावर झोपता झोपता काका म्हणाले, "डॉक्टर, बायको म्हणते दगड माझ्या डोक्यात आहेत. पोटात कसे उतरले ते जरा बघा."

सगळे हसले. काकांना झोपेचं इंजेक्शन दिलं. मी आत गेले, दार शोधलं. डॉक्टरांनी माझ्यातून बारीक तार घालून ते जरासं मोठं केलं, तारेची जाळी आत सोडली आणि एकेक करून तीन खडे ओढून काढले. मग नळीत एक्स-रेत दिसणारं औषध भरलं. पडद्यावर अजून तीन गोल ठिपके!

"हवेचे बुडबुडे आहेत," डॉक्टर म्हणाले. ती त्यांची त्या दिवशीची सहावी केस होती, पाठ धरली होती. "औषध भरताना शिरते हवा. चला, चकणीला बाहेर काढू."

मित्रांनो, पडद्यावर खडा आणि बुडबुडा सारखेच दिसतात. मी आतड्यात होते, मला नळीच्या आतलं दिसत नव्हतं. मी काय बोलणार?

बोलल्या मावशी. मला न्यायला त्या शिशाचा जड अ‍ॅप्रन घालून कोपऱ्यात उभ्या होत्या.

"डॉक्टर, एक बोलू?"

"मावशी, आत्ता?"

"आत्ताच. बुडबुडा असा गप्प बसत नाही हो. मी रोज टबात बघते. वाट मिळाली की वर पळतो."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. मग म्हणाले, "टेबल डोक्याकडून वर घ्या."

टेबल तिरकं झालं. दोन ठिपके सरसर वर गेले. तिसरा हळूच खाली घसरला आणि दाराशी येऊन बसला.

खडा!

"एवढी वर्षं शिकलो," डॉक्टर पुटपुटले, "टबाचं शिकायचं राहिलं होतं."

जाळी पुन्हा गेली. चण्याएवढा तपकिरी खडा दारातून बाहेर पडला, तो सगळ्यात आधी पाहिला मी!

काका जागे झाले. "निघाले दगड?"

"चार निघाले. डोक्यातले मात्र बायकोकडून काढून घ्या."

तेव्हापासून मला बाहेर ओढायच्या आधी डॉक्टर दर वेळी विचारायचे, "काय मावशी? खडा की बुडबुडा?"

अशी बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी टबात माझ्याच अंगातून बुडबुडे आले. बारीक, एकामागून एक. पेशंट बाहेर थांबलेला.

"आजचा दिवस चालवून घेऊ?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. भोकातून आत शिरलेली घाण मला घासता येत नाही."

डॉक्टरांनी एका शब्दाने वाद घातला नाही. दुसऱ्या हॉस्पिटलातून दुर्बीण मागवली. पेशंट दोन तास थांबला, पण मला आत घातलं नाही.

आता मी शिकवण्यासाठी बनवलेल्या रबरी पोटात उतरते. नवे डॉक्टर माझ्यावर हात बसवतात, धडपडतात, मला आदळतात. आदळू देत. माझ्यामुळे एकाचं दुखणं कधी दुसऱ्याला लागलं नाही, हे मी ताठ मानेने सांगते. अर्धं श्रेय त्या ब्रशचं.

मित्रांनो, वस्तू धुताना दिसत नाही तो कोपरा आधी धुवा. आणि धुणारं माणूस काही सांगू लागलं, तर हातातलं काम थांबवून ऐका.

हॉस्पिटलसमोर हॉर्न वाजवायला मनाई आहे. तरी रोज सकाळी शाळेची बस जाताना दोनदा वाजतोच. मावशी हातातला ब्रश झटकतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "गेला बघ, चकणे. आपला."