आतून कडी लागणारी खोली

दाराला आतून कडी होती, म्हणून ती आत शिरली. खोली कुणाची, कशासाठी, हे बघायचं तिला सुचलंच नाही. दारावरच्या पाटीवर 'महिला' आणि 'कक्ष' एवढेच शब्द दिसत होते. मधल्या शब्दावर कुणीतरी हरवलेल्या छत्रीची जाहिरात चिकटवली होती. तिला वाटलं, बायकांना घटकाभर टेकायला ठेवली असेल. आत एक जुना सोफा, भिंतीकडेला खुर्च्यांची चळत, खिडकीला जाड पडदा आणि सोफ्यामागे चालू असलेला प्लग. तिनं कडी लावली, पिशवीतून दूध काढायचं यंत्र बाहेर काढलं आणि डोळे मिटून घेतले. जिवात जीव आला.

त्याआधी तिचे हाल कुत्रा खात नव्हता. बाळंतपणासाठी सोडलेलं भूगोलाचं शेवटचं वर्ष ती पुन्हा करायला आली होती. लेकीला सांभाळायला सासूबाई तयार होत्या, पण त्यांनी आधीच बजावलं होतं.

"तुझी राणी पावडरच्या दुधाला तोंड लावत नाही. तू काढून ठेवशील ते मी पाजीन. पण दुपारचं काढलं नाहीस तर आटेल बरं का. आटलं की कॉलेज बंद. मग मला बोल लावायचा नाही."

"आई म्हणते ते बरोबर आहे," नवरा म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं पुढे म्हणाला, "तुझंही बरोबर आहे."

दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची. वर्गात कुठलंही तान्हं रडलेलं नसतानाही शर्ट ओला व्हायचा आणि ती वही छातीशी धरून बसायची. बाथरूममध्ये कुणी ना कुणी दार ठोठावायचं. ग्रंथालयात मागच्या कपाटांआड बसून पाहिलं, तर एका प्राध्यापकांनी जुने नकाशे शोधता शोधता तिलाच शोधून काढलं. दोघंही एकमेकांना 'माफ करा, माफ करा' म्हणत विरुद्ध दिशांना पळाली होती. त्यामुळे ही खोली सापडली तेव्हा, ती कुणाची म्हणून विचारायची तिची छातीच झाली नाही. विचारलं आणि कुणी 'नाही' म्हटलं तर?

काही दिवस सुखाचे गेले. मग एका दुपारी तिनं बाटली पिशवीत ठेवली, कडी काढली, आणि ती दार ओढणार तोच ते बाहेरून ढकललं गेलं. समोर पाचसहा जणांचा घोळका. सगळ्यांत पुढे केस घट्ट बांधलेली एक उंच बाई, संशोधन करणारी. तिला सगळे मोठी म्हणत. तिच्यामागे रंगाचे डबे घेतलेली एक कुरळ्या केसांची मुलगी. आणि त्या सगळ्या बायकांत एकच मुलगा, त्याला दाढी. म्हणून नावही दाढीच.

"अरे वा, आमच्या आधीच हजर!" मोठी म्हणाली. "तू समतासाठी आलीस ना?"

आता ही समता कोण? असेल यांच्यातलीच एखादी. घाबरलेल्या माणसाला समोरच्याचा धागा पकडून बोललेलं बरं वाटतं. ती म्हणाली, "हो हो. समता अजून आली नाही का?"

मग दाढीनं टाळीच वाजवली.

"समता अजून आली नाही का! अगं, लिहून घे कोणीतरी!"

"एवढ्या वर्षांत आपल्याला असं एक वाक्य सुचलं नाही," कुरळी म्हणाली. "आणि ही बाई दारात उभी राहून सहज बोलून गेली."

काय बोलून गेली ते तिला कळेना. सगळे हसतायत म्हणून तीही हसली. छत्रीची जाहिरात मोठीनं नखानं खरवडून काढली तेव्हा मधला शब्द दिसला, 'समता', आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण तोवर तिची वाहवा होऊन चुकली होती. गटात येणार का, असं मोठीनं विचारलं. सभासद झालं तर खोलीत यायला कुणाची ना असणार नाही, एवढाच हिशेब करून ती 'येते' म्हणाली. त्या दिवसापासून तिचं नाव नवी पडलं.

बैठका तिच्या वेळेला लागूनच असत. ती आधी येऊन कडी लावून बसायची, काम उरकलं की खुर्च्या मांडायची आणि दार उघडायची. सगळ्यांना वाटायचं, काय उत्साह आहे पोरीला!

बैठकीत मात्र तिची गाडी दर वेळी रुळावरून घसरायची. एकदा गटाच्या नावावरूनच जुंपली. समानता म्हणजे सगळ्यांना सारखं, आणि आपल्याला हवा समन्याय, म्हणजे ज्याला जे लागेल ते, असं मोठीचं म्हणणं. कुरळी म्हणे, "ज्याला काय लागतं हे ठरवणार कोण? परत तेच, वरचे लोक!" नवीनं मोठीचं ऐकून मान हलवली. कुरळीचं ऐकून पण हलवली. मग आपण नवऱ्यासारखं करतोय हे लक्षात येऊन मान धरून बसली.

"मी बोलू का?" दाढी म्हणाला.

"तू ऐक."

"ऐकतोच आहे की गेलं वर्षभर! समता गटात मला कधी बोलायला मिळणार?"

"समता आली की," कुरळी म्हणाली, आणि सगळे पुन्हा नवीकडे बघून हसले.

तिला ही माणसं आवडायला लागली होती. आणि तिथंच घोळ होता. कारण एका बैठकीत कुरळी पायाची घडी घालून म्हणाली होती, "लग्न, मग मूल, मग घर. सापळा आहे सगळा. आपल्यातल्या एकीनं तरी त्यात पाय टाकलाय का?" नवीनं पायानं पिशवी खुर्चीखाली सारली. त्या वेळी बोलायला हवं होतं. नाही बोलली. दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी जड झालं, तिसऱ्या दिवशी त्याहून. एकदा पिशवीतलं, बॅटरीवरही चालणारं यंत्र धक्का लागून सुरू झालं आणि घरघरायला लागलं, तर दाढी म्हणाला, "नवी, तुझा फोन." तिनं पिशवीत हात घालून यंत्र बंद केलं. "घरून होता," ती म्हणाली. ते एका अर्थी खरंच होतं.

मग तिचं वाक्य भिंतींवर झळकलं. 'समता अजून आली नाही का?' जिन्यात, प्रयोगशाळेच्या दारावर आणि, हे मात्र कुरळीचं काम, कुलसचिवांच्या केबिनवरही. कुलसचिव बाई होत्या, कडक म्हणून ख्याती. त्यांनी रागानं कागद फाडला नाही की कुणाला बोलावलं नाही. फक्त आठवडाभरात शिपायाकरवी निरोप आला: ही खोली आता विद्यार्थी मातांसाठी राखून ठेवण्यात येईल. गटानं आपली व्यवस्था इतरत्र बघावी.

बैठकीत नुसता भडका उडाला.

"बघितलंत? बायकांच्याच नावानं बायकांना बाहेर काढायचं!" मोठी म्हणाली. "एवढी मोठी चाल मी आजवर पाहिली नाही."

"यांना एवढ्यात आयांचा पुळका कुठून आला?" दाढी. या वेळी त्याला कुणी गप्प केलं नाही. "अख्ख्या कॉलेजात एक तरी आई दाखवा म्हणावं!"

"हेच विचारायचं," कुरळी म्हणाली. "तोंडावर. पण विचारणार कोण?"

सगळ्यांच्या माना वळल्या. नवीच्या तोंडचं पाणी पळालं. बोलण्यात तिचा हात कोण धरणार, तीच जाणार, असं एकमतानं ठरलं. त्या गटात एकमतानं ठरलेली ती पहिलीच गोष्ट.

घरी ती लेकीला मांडीवर घेऊन बसली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. सासूबाई लंगोटांच्या घड्या घालत होत्या. तिनं त्यांना सगळं सांगितलं. समता आल्याचं, न आल्याचं, सगळं.

"म्हणजे खरं बोललीस तर खोली जाईल," सासूबाई म्हणाल्या. "कुणाची?"

"त्यांची."

"आणि मिळेल कुणाला?"

"मला."

"मग अडलंय कुठं?"

कुठं ते तिला सांगता येईना. खोटं बोललं तर खोली गटाकडे राहील, आणि ती पूर्वीसारखी चोरून वापरत राहील, एखाद्या दिवशी पकडली जाईपर्यंत. खरं बोललं तर दूध राहील, कॉलेज राहील, आणि ज्यांच्यात बसून आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागलं होतं ती माणसं जातील. बरं, मोठी म्हणते तशी ही चाल असेल, तर आपण चालीला हातभार लावणार. आणि चाल नसेल तर?

"तुम्ही सांगा ना," ती म्हणाली.

"मी काय सांगू? मला काय मत देता येतंय तुमच्या गटात?" असं म्हणून सासूबाईंनी लेकीला तिच्या मांडीवरून उचललं. "जा, जेवून घे. उपाशीपोटी दूधही येत नाही आणि अक्कलही."

कुलसचिवांच्या केबिनमध्ये खुर्च्या दोनच होत्या, त्यामुळे मोठी आणि ती बसली, कुरळी आणि दाढी मागे उभे राहिले. बाई चष्म्यावरून बघत होत्या.

"ते भिंतीवरचं वाक्य कुणाचं?"

"हिचं," मोठी अभिमानानं म्हणाली.

"चांगलं आहे. माझ्या दारावर चिकटवायला नको होतं, पण चांगलं आहे. बोला."

मोठीनं तिला कोपरानं ढोसलं. वाक्य पाठ होतं. कॉलेजात एक तरी आई आहे का. एवढंच म्हणायचं. तिनं तोंड उघडलं, आणि नेमका त्याच वेळी आतून, दूध उतरतानाचा तो ओळखीचा मुंग्यांचा लोंढा आला. दुपार झाली होती. तिनं हाताची घडी छातीशी दाबून धरली, पण बाईंची नजर तिथं जाऊन परत आली होती.

"कॉलेजात एक तरी..." ती म्हणाली, आणि थांबली.

"एक तरी काय?"

"एक आहे," ती म्हणाली. "मी."

मोठीनं तिच्याकडे बघितलं, आणि मग न बघितल्यासारखं केलं.

"आमच्या वेळी," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी बेसिनवर वाकून पिळून टाकून द्यायचे आणि तोंड पुसून तासावर जायचे. चाल म्हणालात ना तुम्ही तुमच्या बैठकीत? भिंती पातळ आहेत इथल्या. चाल नव्हती ती." मग त्यांचा आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "अर्थात, तुमचा गट त्या खोलीतून गेला तर मला वाईट वाटणार नाही, हेही खरंच." त्यांनी खणातून किल्ली काढली. "खोली फक्त मातांसाठी. सभा नकोत. पुरुष तर मुळीच नको. तसं आढळलं तर खोली बंद. समजलं?"

समजलं, असं ती म्हणाली. खरं म्हणजे बाई चांगल्या की वाईट हेसुद्धा तिला समजलं नव्हतं. एकाच माणसाचं एकाच दमात दोन्ही खरं असू शकतं?

बाहेर पडताच सगळे तिला मागे टाकून पुढे निघाले. फक्त कुरळी जाता जाता म्हणाली, "मी सापळा म्हणाले होते. तू तिथंच बसली होतीस."

"हो."

"मग फटकारायचं नाही का मला?" आणि ती रागानं तरातरा निघून गेली. हा राग कशाचा, न सांगितल्याचा की न फटकारल्याचा, यावर नवी जिना उतरेपर्यंत विचार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या किल्लीनं खोली उघडली, आतून कडी घातली, शाल पांघरून यंत्र लावलं. सगळं मनासारखं होतं. सोफा होता, पडदा होता, लेकीचं दुपारचं दूध बाटलीत उतरत होतं. तेवढ्यात बाहेर चपलांचा, खुर्च्या नसल्यानं जमिनीवर बसल्याचा आवाज झाला. गटानं बैठक दाराबाहेरच मांडली होती. आणि भिंती खरंच पातळ होत्या.

"एकच विषय," मोठीचा आवाज. "नवीला गटात ठेवायचं की नाही."

"तिनं आपली खोली घालवली," कुणीतरी म्हणालं.

"तिला लागत होती," दाढी. "समन्याय म्हणजे ज्याला जे लागेल ते, असं तूच ना म्हणालीस?"

"तू ऐक!" मोठी म्हणाली.

"ती आपल्याशी खोटं बोलली."

"आपण विचारलं होतं का कधी?" ही कुरळी. "सापळा, सापळा करत मीच बोलत सुटले होते."

"मग तू तिच्या बाजूनं?"

"मी कुठं म्हणाले? मी चिडलेली आहे."

तिनं ऐकलं आणि तिला दोन्ही बाजू पटल्या. आत बसून ऐकत राहणं सोपं होतं. कडी होतीच. निकाल काय लागायचा तो लागेल, खोली तर आता आपलीच आहे. पण आपल्याबद्दलचं बोलणं दाराआडून ऐकायचं, हे तिला त्या बाथरूमपेक्षाही ओंगळ वाटलं. दार उघडावं, तर बाईंनी सांगितलेलं आठवलं. कुणी येऊन बघितलं तर किल्ली गेली, दूध गेलं, वर्ष गेलं. सासूबाईंना काय सांगायचं?

ती उठली. एका हातानं शाल आणि बाटली सांभाळत दुसऱ्या हातानं तिनं कडी काढली.

सगळे वळून बघायला लागले. यंत्र घरघरत होतं.

"आत या," ती म्हणाली. "तिथं गार फरशी आहे."

"आत सभा नको म्हणाल्या ना बाई?" मोठी म्हणाली.

"म्हणाल्या."

"आणि हा?" कुरळीनं दाढीकडे बोट दाखवलं.

"त्याला तर मुळीच नको म्हणाल्या. तू भिंतीकडे तोंड करून बस रे."

"बसतो," दाढी म्हणाला. "माझं काय, ऐकायचीच तर सवय आहे."

एकेक जण आत आलं. कुणी सोफ्यावर बसलं नाही. तो तिच्यासाठी सोडला, की तिच्याशेजारी बसायचं नव्हतं, ते कळायला मार्ग नव्हता. मोठीनं दार लावलं, क्षणभर घुटमळली, आणि कडीही लावली.

"तर," ती म्हणाली. "ठेवावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

"माझं मत धरायचं का?" नवीनं विचारलं.

मोठी विचारात पडली. "ते ठरवायला आधी मत घ्यावं लागेल."

"मग त्यात तरी धरायचं का?"

कुरळीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात बाहेरच्या जिन्यावर टाचांचा खट् खट् आवाज यायला लागला. नवीनं यंत्र बंद केलं. कशावर मत चाललंय, आपलं धरणार की नाही, आणि दारावर टकटक झाली तर काय बोलायचं, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तिनं मोकळा हात वर केला आणि तसाच ठेवला.