मागून आणलेला हातपंच

इनुईकाकू कारखाना बंद करणार ही बातमी किताओला न्हाव्याच्या खुर्चीत कळली, आणि साबणाच्या फेसाखालीसुद्धा त्याचं तोंड उतरलं. काकूंचे हात आता थरथरतात म्हणे. त्यांनी पत्र्याला पाडलेल्या भोकांच्या कडेला धार राहते. दुकानांच्या दिव्यांच्या पाट्या बनवणाऱ्याने सगळा माल परत पाठवला, कारण त्या धारेने वायरी सोलून निघाल्या. नवऱ्यामागे एवढी वर्षं रेटलं, आता पुरे, असं काकू स्वतःच म्हणाल्या होत्या.

काकूंचे हात ठणठणीत होते. हे किताओला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

हिगाशी-ओसाकाच्या त्या गल्लीत शेजाऱ्याचं हत्यार मागून नेण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कशाला हवंय, असं कुणी विचारतही नाही. परत देताना मात्र ते पुसून, तेल लावून, सोबत मिठाईचा पुडा ठेवून द्यायचं. वसंतात किताओला पत्र्याच्या कडेपासून बरंच आत भोकं पाडायची होती. त्याच्या हातपंचाचा जबडा तिथवर पोचेना. काकूंकडचा लांब जबड्याचा, म्हणून तो त्याने मागून आणला. त्याच्या डब्याच्या झाकणावर इनुईकाकांनी कधीकाळी रंगाने लिहून ठेवलं होतं : फक्त मऊ पत्रा. किताओचा पत्रा होता कडक स्टेनलेसचा. थोडीच तर भोकं आहेत, असं म्हणून त्याने दांडा दाबला.

एरवी हातपंच टच असा वाजतो. शेवटच्या भोकाला तो कडकन वाजला. किताओने भोक पाडणाऱ्या टोकावर नख फिरवलं. तिळाहून बारीक टवका उडाला होता. पण अख्खी हयात पत्र्यात गेलेल्या माणसाला तेवढ्या टवक्यानेही भोकाच्या कडेला धार राहते हे कुणी शिकवायला नको. तरी या शहाण्याने तेल नेहमीपेक्षा जास्त चोपडलं, मिठाई स्टेशनजवळच्या महागड्या दुकानातून आणली, आणि डबा मुकाट्याने परत केला.

न्हाव्याकडून तो उठला तो थेट हत्यारांच्या दुकानात गेला. त्याच मापाचं नवं टोक खिशात घालून तो काकूंच्या दारात उभा राहिला.

काकू आवराआवर करत होत्या. त्याला पाहताच त्यांनी तोच डबा पुढे सरकवला.

"हा तू घे. हत्यार परत करावं तर तुझ्यासारखं. तुझी मिठाई मी ह्यांच्या फोटोपुढे ठेवली होती. म्हटलं, बघा, तुमच्या हत्याराची अजून कदर आहे लोकांना."

किताओला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"काकू, तुमच्या हाताला काही झालेलं नाही," तो खाली बघत म्हणाला. "टोक मी मोडलंय. स्टेनलेसला भोकं पाडली मी त्याने."

त्याने जुनं टोक काढलं, नवं बसवलं, ते खालच्या डायच्या, म्हणजे साच्याच्या, भोकात नीट उतरतंय ना ते पाहिलं, आणि पत्र्याचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. काकूंनी दांडा दाबला. टच. भोकाच्या कडेवरून त्या अंगठा फिरवत राहिल्या.

"म्हणजे माझा हात शाबूत आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

शिव्या खायची तयारी करून आलेल्या किताओला तो आनंद बघवेना. काकू लगबगीने फोनकडे गेल्या. पाट्यावाल्याला त्या सांगत होत्या, की दोष हत्याराचा निघाला, माल पुन्हा करून देते. नाही हो, कुणी काही केलं नाही, जुनंच झालं होतं ते. किताओ तिथेच उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्याचे कान तापले होते.

परत येऊन काकूंनी डब्याला झाकण लावलं आणि तो फळीवर त्याच्या जागी ठेवला.

"लागला तर ने पुन्हा," त्या शांतपणे म्हणाल्या. "फक्त आधी पत्रा दाखवत जा."

किताओ हो म्हणाला. त्या गल्लीत हे आजवर कुणाला सांगावं लागलं नव्हतं.