बोट उजवीकडे ओढते

बोट सरळ जात नव्हती. बाकी सगळं ठीक होतं. इंजिन दोरीच्या एका हिसक्यात सुरू व्हायचं, पंखा धडधाकट होता, रंग मागच्याच वर्षी दिलेला. पण वेग धरला की बोट उजव्या कुशीवर कलायची, आणि स्टिअरिंग जरा सैल सोडलं की नाक उजवीकडे वळलंच. हट्टी बैलासारखं. बोटवाला दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे दाबून धरायचा आणि या काठावरची माणसं त्या काठावर सोडायचा. संध्याकाळी घरी गेला की खांदे इतके भरून आलेले असायचे की सदरा काढताना तोंडातून "आई गं" निघायचं. ऐकायला घरात कोणी नव्हतं.

पलीकडच्या दवाखान्यात कामाला जाणारी एक नर्स रोज सकाळी त्याच्या बोटीत असायची. तोंडाची फटकळ, पण मनाने चांगली.

"काय हो," ती म्हणाली, "आज पलीकडे जायचंय ना आपल्याला? की गोल फिरून परत इथेच?"

"वारा आहे."

पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

"असेल," नर्स म्हणाली. "तुमच्यापुरता सुटला असेल." मग जरा थांबून, "आणि वहिनी कुठे दिसत नाहीत त्या?"

"बहिणीकडे गेलीय. येईल."

आता, हे "येईल" तो दोन महिने म्हणत होता. बायको गेली तेव्हा तीच म्हणाली होती, चार दिवस ताईकडे जाऊन येते. जाताना शिलाई मशीन घेऊन गेली. चार दिवसांसाठी कोणी शिलाई मशीन उचलून नेतं का? रिक्षावाल्याने आणि तिने मिळून ते धूड चढवलं, बोटवाल्याने स्वतः मागून हात लावला, आणि मनात म्हणाला, हौस आहे बाईला. झालं. माणसाला जे बघायचं नसतं ते त्याला दिसत नाही, मग ते दोन हात लावून उचलायचं का असेना.

तर बोट.

शेवटी एक दिवस एक म्हातारे गृहस्थ कललेल्या बाजूने घसरले, पिशवीसकट. लागलं काही नाही, पण उतरताना म्हणाले, "मी आपला उद्यापासून पुलावरून जाईन." त्या दुपारी बोटवाल्याने फेऱ्या बंद ठेवल्या आणि बोट धक्क्याच्या टोकाला नेली, पान्याच्या शेडकडे.

पान्या म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. हातात कायम पाना, म्हणून पान्या. पत्र्याची शेड, आत चार-पाच इंजिनं लाकडी घोड्यांवर टांगलेली, टोप्या काढलेली, खाली ऑइलने काळी झालेली जमीन. पान्या डबा खाऊन हात पुसत होता.

"या भावोजी. काय दुखतंय हिला?"

"उजवीकडे ओढते. कलतेपण."

"कधीपासून?"

"झाले दोनएक महिने."

पान्याचा हात पुसायचा थांबला. त्याने भावोजींकडे बघितलं, मग बोटीकडे बघितलं, मग ते फडकं खांद्यावर टाकलं.

"बघू," तो म्हणाला.

आणि बघितलं, खरंच सगळं बघितलं. आधी स्टिअरिंगची केबल इंजिनापासून सोडवली आणि चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. तरी ग्रीस भरलं. मग इंजिन बरोबर मध्यावर बसलंय का ते टेप लावून मोजलं, बोल्ट तपासले. सगळं जागच्या जागी. मग इंजिन वर उचलून पंख्याच्या एकेका पात्यावरून बोट फिरवलं. कुठे वाकलेलं नाही, टवका नाही.

बोटवाला प्रत्येक वेळी मान पुढे काढून विचारायचा, "निघालं काही?"

"नाही."

"नीट बघ की."

"भावोजी, मी काय डोळे मिटून बघतोय?"

त्याला काहीतरी निघायला हवं होतं. खर्चाचं निघालं तरी चाललं असतं. एखादी मोडलेली, झिजलेली, सडलेली गोष्ट, जी हातात घेऊन म्हणता येईल, हां, ही बघ, हिच्यामुळे.

"तळात पाणी शिरलं असेल," तो म्हणाला. "उजव्या बाजूला. फळ्यांच्या खाली. आतला फोम भिजून जड झाला असेल."

"मग आणखी खोल बसली असती. पण बघू."

बोट उताराच्या गाड्यावर चढवून बाहेर ओढली. मागचं बूच काढलं. चहाच्या कपात मावेल इतकं पाणी निघालं. पान्याने तळाला खालून बोटाच्या सांध्याने ठोकत ठोकत पूर्ण फेरी मारली, कलिंगड बघतात तसं. उजवीकडे जसा आवाज तसाच डावीकडे. वरची एक फळी उचलून हात आत घातला. कोरडं.

राहता राहिली शेपटी. पंख्याच्या वर, मागच्या अंगाला, तळहाताएवढा एक धातूचा तुकडा असतो. पान्या त्याला शेपटी म्हणायचा. ती सैल करून जरा इकडे-तिकडे फिरवली की बोटीची ओढ कमी-जास्त होते. बोटवाल्याचा चेहरा उजळला.

"तीच! ती हलली असणार."

"हलली नाहीये. मी बसवली होती तिथेच आहे. खूण आहे माझी." पान्या उभा राहिला. गुडघे झटकले. "चला, पाण्यात टाकू. एक चक्कर मारू. चालताना बघतो."

बोटवाला उजवीकडे आपल्या जागी, स्टिअरिंगवर. पान्या त्याच्या मागे, इंजिनाकडे तोंड करून. वेग धरला, बोट उठली आणि लागली की उजवीकडे कलायला. ओढ सुरू. बोटवाल्याने दात आवळून चाक धरलं.

"बघितलंस? बघितलंस ना?"

"थांबा, पाणी कसं कापतेय ते बघतो," म्हणत पान्या उठला, वाकून डावीकडे सरकला आणि तिथल्या एकुलत्या बाकावर बसून बाहेर डोकावला.

आणि बोट सरळ झाली.

अशी सरळ, की बोटवाल्याच्या हातातलं चाक एकदम हलकं झालं, त्याचा तोल जाता जाता राहिला. कलणं गेलं. ओढ गेली. नाक समोरच्या काठावर, पाण्यात रेघ मारल्यासारखं.

पान्या उठायला लागला.

"थांब!" बोटवाला ओरडला. "हलू नको! तिथेच बस!"

पान्या अर्धवट उठलेला, तसाच थांबला. मग हळूच खाली बसला. 

"ताईलाही असंच म्हणायचात," पान्या म्हणाला.

बोटवाल्याने वेग कमी केला. बोट पाण्यात बसली, डुलायला लागली. काठ दोन्हीकडे लांब होता.

आता हे काही गुपित नव्हतं, धक्क्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं. स्टिअरिंग उजवीकडे, चालवणारा उजवीकडे, पेट्रोलची टाकी उजवीकडे, बॅटरी उजवीकडे. बोट घेतली तेव्हापासून ती कलायचीच. आणि बोट घेतली तेव्हापासून डावीकडच्या बाकावर बायको बसायची. तिथे तिला काही काम नव्हतं. पैसे धक्क्यावरच घेतले जायचे, दोरी बोटवाला स्वतः टाकायचा. ती नुसती बसायची. सकाळपासून, उन्हात, गार वाऱ्यात. एकदा ताप होता अंगात, तरी शाल पांघरून बसली. उतारू यायचे-जायचे, जागा बदलायचे, कमी-जास्त व्हायचे. ती तिथेच. पहिल्यांदा हसली होती, म्हणाली होती, "मी बायको आहे का वजन?" तोही हसला होता.

पुढे एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायका घेत होते, तेव्हा तिने विचारलं होतं. तो म्हणाला, "जा की, पण मग बोटीचं काय?" त्यानंतरच्या वर्षी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "एवढा सीझन जाऊ दे." सीझन गेला. मग ती विचारेनाशी झाली, आणि त्याला वाटलं, चला, मिटलं.

"म्हणजे बोटीत काही बिघाड नाही?" बोटवाल्याने विचारलं. त्याचं त्यालाच ते केविलवाणं वाटलं.

"बोट पहिल्यापासून अशीच आहे, भावोजी. आठवतंय का, बोट घेतली त्याच वर्षी मी तुम्हाला म्हणालो होतो. बॅटरी आणि टाकी डावीकडे घेऊ, शेपटी थोडी फिरवू, काम झालं."

"म्हणाला होतास?"

"तुम्ही म्हणालात, कशाला खटपट, ती आहेच की."

बोटवाल्याला आठवत नव्हतं. वाईट तेच होतं. भांडण झालं असतं, नाही म्हणून पाय आपटला असता, तर आठवलं असतं. चहा पिता पिता सहज म्हणाला असणार.

"तिला माहिती आहे हे? तू मला सांगितलं होतंस ते?"

"तिनेच तर मला पाठवलं होतं सांगायला."

बोट पाण्यावर नुसती डुलत राहिली.

"आता करू या का?" पान्याने विचारलं. "सामान आहे शेडमध्ये. बॅटरीची केबल लांब लागेल, ती आहे माझ्याकडे."

"आता नको."

"का?"

"ती आली की उलटं होईल. मग डावीकडे कलेल."

पान्याने खांद्यावरचं फडकं काढलं. हात पुसत राहिला, हात कोरडे असताना. तो काही बोलणारा माणूस नव्हता. नट सैल करायचा, नट घट्ट करायचा, एवढंच त्याला यायचं.

"भावोजी," तो म्हणाला, "तिने तिकडे खोली घेतलीय. मोठ्या ताईकडे नाही राहत आता. तिकडच्या कपड्यांच्या कारखान्यात लागलीय, त्याच्याजवळच."

"भाड्याने?"

"हो."

"मग भाड्याची आहे ना," बोटवाला म्हणाला. "सोडता येते." आणि स्वतःचाच आवाज त्याच्या कानावर पडला.

शेवटी त्यानेच बोट शेडकडे वळवली. दोघांनी काम केलं. बॅटरीची पेटी उचलून डाव्या बाजूला, फळीला नवी भोकं पाडून आवळली. टाकीचा पट्टा सोडवला, टाकी पलीकडे नेली, नळी वळवून घेतली. नवी केबल टाकली, मधे एक जोड द्यावा लागला. शेपटी सैल करून थोडी फिरवली, पुन्हा घट्ट केली. फार अवघड काही नव्हतं. बोटवाला मनातल्या मनात अवघडपणा शोधत होता, कुठेतरी गंजलेला बोल्ट अडेल, भोक चुकेल, काहीतरी अडून बसेल. काहीच अडलं नाही. सगळं मुकाट जागेवर जाऊन बसलं.

मग तो एकटाच बोट घेऊन गेला. मध्यावर जाऊन वेग दिला. सरळ. हात काढले, सरळ. डावीकडचा बाक रिकामा, बोट समतल, चाक स्वतःहून जागेवर. त्याला उजवीकडे वळावंसं वाटलं, मुद्दाम. वळला नाही.

परत आला आणि धक्क्यावर उतरायच्या आधीच फोन लावला. ती उचलेल असं वाटलं नव्हतं. उचलला. मागे मशिनांची घरघर.

"मी बोलतोय."

"हं. बोला."

"बोट सरळ झाली." पुढचं त्याने एका दमात सांगून टाकलं. "पान्याने बॅटरी हलवली, टाकी हलवली. आता तिथे कोणी बसायला लागत नाही. म्हणजे तू आलीस ना, तर बोटीवर यायलाच नको. घरी राहा. नाहीतर इथल्या कारखान्यात जा. जा म्हणजे, तुला जायचं असेल तर. मी काही म्हणणार नाही."

घरघर चालू राहिली. कोणीतरी लांबून कोणाला तरी दोरा मागितला.

"किती वेळ लागला?" तिने विचारलं.

त्याला कळलं ती काय विचारतेय. खोटं बोलता आलं असतं. दोन दिवस लागले म्हणता आलं असतं, सगळी बोट उघडावी लागली म्हणता आलं असतं. पण पान्या तिचा भाऊ होता.

"जेवून लागलो ते चहापर्यंत."

"चहापर्यंत," ती म्हणाली.

तो थांबला. ती ओरडेल, रडेल, इतकी वर्षं म्हणेल, काहीतरी म्हणेल, आणि मग त्याला माफी मागता येईल. ओरडणाऱ्या माणसाशी बोलता येतं. त्याने फोन कानावर इतका दाबला की कान दुखला.

"केबलला जोड दिलाय का?" तिने विचारलं.

"हो. एक."

"त्याला टेप गुंडाळायला सांगा. बाकाखाली पाणी साठतं तिथे. मी बघितलंय." मग म्हणाली, "ठेवते. सुपरवायझर बघतेय."

फोन बंद झाला.

पान्या शेडच्या दारात उभा होता. "काय म्हणाली?"

"जोडाला टेप लाव म्हणाली."

पान्याने मान हलवली, आत गेला, टेप घेऊन आला. बोटीत उतरून बाकाखाली ओणवा झाला आणि गुंडाळत बसला, घट्ट, एकावर एक वेढे. बोटवाला धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसला. समोर काय चाललंय ते त्याला दिसत होतं, पण त्याचं आपल्याशी काही देणंघेणं आहे असं वाटत नव्हतं.

पलीकडच्या काठावरून कोणीतरी हात करत होतं. दोघं-तिघं होते. दवाखान्याची सुट्टी झाली असणार.

"भावोजी, सवारी आहे."

"हो."

तो उठला नाही. पान्याने थोडा वेळ वाट बघितली. पुन्हा हाक मारली नाही. टेपचं टोक दाताने तोडलं, दोरी सोडली, स्टिअरिंगवर जाऊन बसला आणि स्वतःच बोट घेऊन निघाला.