तीन तास न हललेला माणूस

सिनेमा बघून माणसं बेशुद्ध पडतात म्हणे. म्हणून चित्रपट मंडळाच्या चिटणीसांनी थिएटरच्या दारात एक टेबल, रक्तदाब मोजायचं यंत्र, एक स्ट्रेचर आणि एक सिस्टर आणून बसवली होती. पोस्टरवर तर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'परिचारिका उपस्थित राहील.' पाच दिवसांत एकही माणूस पडला नव्हता. चिटणीस रोज तोंड एवढंसं करून विचारायचे, "आज कुणी?" आणि सिस्टर मान हलवायची. त्या स्ट्रेचरवर आता लोक आपले कोट ठेवत होते.

सिनेमा होता एका म्हातारीचा. एक खोली, एक पलंग, त्यावर खिळलेली बाई आणि कुजत जाणारं तिचं अंग. तीन तास बाकी काही नाही. चार देशांत म्हणे लोक उठून गेले, दोन ठिकाणी बंदी आली, आणि तेव्हापासून शहाण्या लोकांनी तो बघायलाच हवा असं ठरलं. सिस्टरनं पहिल्या दिवशी पडद्याआडून दहा मिनिटं बघितला. म्हातारी उताणी पडलेली आणि जखम मांडीवर, पुढच्या बाजूला! कॅमेऱ्याला नीट दिसावी म्हणून. अहो, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखम होते ती माकडहाडावर, टाचांना. ज्यानं आयुष्यात एकदासुद्धा कुणाची कूस बदलली नाही त्यानं हा सिनेमा काढला होता, हे तिला तिथेच कळलं. ती बाहेर येऊन बसली.

आणि हे बघणारे! बाहेर आले की आधी आरशात बघायचे, चेहरा पुरेसा पडलाय का ते. मग टेबलापाशी रांग. चिटणीसांनी चिठ्ठ्या छापून घेतल्या होत्या, 'चित्रपटानंतरचा रक्तदाब' अशा. सिस्टरनं आकडा लिहिला की लोक त्या चिठ्ठीचा फोटो काढायचे आणि जगाला दाखवायचे. कुणाचा वाढला की तो खूश, हळवा म्हणून. नाही वाढला की तोही खूश, कणखर म्हणून. एक प्राध्यापक म्हणाले, "पहिला तास जड गेला, पण नंतर मला त्या जखमेत एक लय दिसायला लागली." सिस्टरनं त्यांच्या दंडाचा पट्टा जरा जास्तच आवळला. एक बाई रडत होत्या, पण डोळ्यांतलं काजळ सांभाळून. पाच दिवसांत एकच धड माणूस भेटला, एक टॅक्सीवाला. पंधराव्या मिनिटाला बाहेर आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "माझी आजी अशीच गेली. हे काय बघायचं?" आणि सरळ घरी गेला. त्यानं चिठ्ठी मागितली नाही.

सिस्टरची आई अकरा महिने अंथरुणावर होती. या दुपारच्या कामापुरती शेजारीण येऊन बसायची. पण एक तारखेपासून सिस्टरला हॉस्पिटलात आठवड्यातल्या तीन रात्री ड्यूटी लागणार होती, आणि रात्री आईपाशी बसायला कुणी नव्हतं. म्हणजे कुणी नव्हतं असं नाही, धाकटा भाऊ होता. वीस मिनिटांवर राहायचा. फळं पाठवायचा, फोनवर गहिवरायचा. पण घरात पाऊल ठेवायचं म्हटलं की काखा वर. "ताई, आईची ती अवस्था मला बघवत नाही गं. तू कणखर आहेस, मी नाही." शहराबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात एक खाट रिकामी झाली होती. आज सहापर्यंत हो म्हटलं नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. आईला घर सोडायचं नव्हतं. तिला उचलून नेताना ती काय म्हणेल, या विचारानंच सिस्टरनं अजून केंद्राला फोन केला नव्हता.

पाच वाजता खेळ सुटला. ऑफिसातलं एक टोळकं हसत टेबलापाशी आलं आणि त्यांनी एकाला खांदे धरून खुर्चीत बसवलं. "सिस्टर, याचं मोजा. तीन तास पापणी लवली नाही याची. आम्ही दोनदा बाहेर आलो, हा हललासुद्धा नाही."

त्यानं बाही वर केली, मान वर केली, आणि समोर ताई.

सिस्टरनं पट्टा बांधला. हवा भरली, सोडली. एकशे अठरा, शहात्तर. नाडीसुद्धा शांत. झोपेतून उठलेल्या माणसाची असावी तशी.

"पूर्ण बघितलास?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"हो."

"जखम धुतात तो भागही?"

"ताई, अगं, ते सिनेमातलं असतं."

"आईची जखम त्याच्या निम्मीसुद्धा नाही. रोज सकाळी धुते मी. वास येतो, तेवढा तुझ्या सिनेमात नव्हता, बाकी सगळं बघून झालंय तुझं." तिनं पट्टा सोडला. "सहापर्यंत केंद्राला कळवायचंय. आठवड्यातल्या तीन रात्री येशील का आईपाशी? हो म्हण किंवा नाही म्हण. फोनवर रडू नकोस."

भावाचा चेहरा आधी लाल झाला, मग हनुवटी थरथरली, आणि तो तिथेच खुर्चीत ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. खरंखुरं रडला, खांदे हलवून. सिस्टर त्याची मोठी बहीण, तिला त्याचं खोटं रडणं पाठ होतं. हे तसलं नव्हतं. तिचा हात आपोआप त्याच्या डोक्याकडे गेला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं, येईल हा.

पण भोवती गर्दी जमली होती. कुणीतरी "आता भिडला बघ" म्हणालं. चिटणीस तर धावतच आले, त्यांना पाच दिवसांत पहिला माणूस सापडला होता. त्यांनी फोनचा कॅमेरा सुरू करून विचारलं, "नेमकं कुठे हललात आपण? दोन शब्द."

सिस्टर थांबली. सांग, तिनं मनात म्हटलं, माझी आई घरी आहे एवढंच सांग.

भावानं नाक पुसलं. कॅमेऱ्याकडे बघितलं. "शेवटी," तो म्हणाला, "ती म्हातारी दाराकडे बघत राहते ना... मुलगा येईल म्हणून. दिग्दर्शकानं काय पकडलंय ते." आवाज पुन्हा भरून आला. मित्रानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोन बायकांनी माना डोलावल्या. तो उठला, ताईकडे न बघता म्हणाला, "फोन करतो मी तुला," आणि चिठ्ठी उचलून खिशात घातली.

सिस्टर यंत्र तिथेच सोडून जिन्याखाली गेली आणि केंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाई एकेक विचारून लिहून घेत होत्या. आजार, औषधं, जखमा कुठे कुठे. वर भाऊ आणखी कुणाला तरी तोच शेवटचा प्रसंग सांगत होता, इथपर्यंत ऐकू येत होतं.

"आणि मुलं किती त्यांना?" बाईंनी विचारलं. "भेटायला येणाऱ्यांची नावं लागतात. यादीत नाव नसेल तर आत सोडत नाहीत."

"एकच," सिस्टर म्हणाली. "मुलगी. माझंच नाव लिहा."