साठ हजारांची मर्यादा

वडील गेल्यावर बॅगा शिवण्याचा कारखाना दादाकडे आला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, चार मशीनं आणि चार शिवणाऱ्या बायका. त्यांत मावशी सगळ्यांत जुनी, वडिलांनी पहिलं मशीन आणलं त्या दिवसापासूनची. घर वहिनीच्या पगारावर चालायचं, म्हणून निभावत होतं. पण सहा महिने महिनाअखेरीस हातात जेमतेम तीन हजार उरायला लागले, तेव्हा दादाने धाकट्या बहिणीला बोलावलं. ती शाळेत गणित शिकवायची.

"मुलांच्या डोक्यात भरतेस ते आमच्या कधी कामी येणार?" तो म्हणाला.

तिला ते लागलं आणि बरंही वाटलं. दादाने तिला काही विचारायची ही पहिलीच वेळ.

शनिवारी ती घड्याळ घेऊन मशीनांपाशी बसली. दप्तराला एक तास, प्रवासी बॅगेला तीन. चौघींचे मिळून महिन्याचे आठशे तास. दप्तराला शंभराचं कापड, बॅगेला दोनशेचं. मजुरी सोडून बाकीचा खर्च वजा जाता दप्तरामागे नव्वद सुटायचे, बॅगेमागे सव्वादोनशे.

"आणि कापडाला महिन्याला किती घालू शकतोस?"

"साठ हजार. वर एक पैसा नाही."

मावशीने मशीन थांबवून दादाकडे पाहिलं आणि पुन्हा पाय चालवला.

धाकटीने दोन असमानता मांडल्या. तास आठशेच्या वर नाहीत, कापड साठ हजारांच्या वर नाही. आलेखावर दोन रेषा ओढून आतला तुकडा रंगवला, त्याचे कोपरे तपासले. चौघी ठेवल्या तर सगळ्यांत चांगलं म्हणजे दोनशे दप्तरं, दोनशे बॅगा. त्रेसष्ट हजार सुटतात, साठ मजुरीत जातात. तिघींनी नुसती सहाशे दप्तरं शिवली तर चोपन्न सुटतात, मजुरी पंचेचाळीस. तीनच्या जागी नऊ हजार. तिने दोनदा पडताळलं.

"म्हणजे एक बाई जास्त आहे," दादा म्हणाला.

"कापड एवढंच असेल तर."

कोणती बाई, ते कागदावर नव्हतं. दादाने मावशीला काढलं, हात मंदावला म्हणून. तिच्यापुढे तो कागद धरला. "हे मी म्हणत नाहीये. अक्षर बघ कुणाचं आहे."

तीन महिन्यांनी धाकटी शाळेच्या पडद्यांचं कापड आणायला गेली. दुकानदाराने ओळखलं.

"दादांना सांगा, पूर्वीसारखा ऐंशीचा माल उचला. गाडी घेतली तेव्हापासून साठवर आलेत. हप्ता जड जातोय वाटतं."

तिथेच बिलाच्या पाठीवर तिने साठच्या जागी ऐंशी घातले. चौघींची आठशे दप्तरं, बहात्तर हजार, मजुरी साठ. बारा उरत होते. नऊ नव्हे, बारा, चौघींना ठेवून.

तो हिशोब तिने दादापुढे ठेवला. तो चिडलासुद्धा नाही. "कापडाला किती घालतो विचारलंस, मी सांगितलं. यात खोटं काय?"

"हप्ता सांगितला असतास तर वेगळा मांडला असता."

"गाडी माझी आहे. ती तुझ्या गणितात कशाला?"

"मावशीला परत बोलाव."

"तिचं मशीन विकलं. बसवू कुठे?"

मावशी आता एका दवाखान्याच्या धुलाईखोलीत चादरींच्या घड्या घालत होती. धाकटीने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, हात चालूच होते.

"कापडाचे आठ गठ्ठे यायचे, त्याचे सहा झाले," ती म्हणाली. "मीच उतरवून घ्यायची ना."

"मग मला का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठे? मालकाला विचारलंस." तिने चादरीची दोन टोकं धाकटीच्या हातात दिली. "ताणून धर."

दोघींनी मिळून घडी घातली. मग दुसरी.

"इथे बसायला मिळत नाही, बाकी ठीक आहे," मावशी म्हणाली. "तुझं गणित मात्र बरोबर होतं म्हणे. दादा सगळ्यांना सांगत असतो."

दारातून देखरेखीची बाई बघायला लागली. माफी मागायची म्हणून धाकटी वाटेत काही वाक्यं जुळवून आली होती. ती हातातली चादर ठेवून निघाली.