धबधबा की पतंग

बडोद्याजवळच्या छाणीतल्या त्या इमारतीला हरित मानांकनाचा सुवर्ण दर्जा मिळाला, तरच माझी नोकरी पक्की होणार होती. एमएस्सी केमिस्ट्री झाल्यावर मी एका सल्लागार कंपनीत लागले आणि बिल्डर धनाजीरावांच्या वाट्याला आले. पाणी वाचवा, वीज वाचवा, त्याचे गुण मिळतात. बिल्डरला ते वाचवायचं नसतं, फक्त गुण हवे असतात. मधल्या हिशेबासाठी मी.

हिशेब जुळला होता. गच्चीवर कडेपासून कडेपर्यंत सोलर पॅनेल, की सुवर्ण. जागेवर चुन्याच्या रेषाही मारून झाल्या होत्या.

मग मंदाकिनीबाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, नागरवाड्यातून मुलाला, गोविंदला, घेऊन. अख्खं कुटुंब हलणार, म्हणून एकदम चार फ्लॅट. धनाजीरावांनी त्यांना गेटवरचा कृत्रिम धबधबा दाखवला आणि मग गच्चीवर आणलं.

त्यांनी चुन्याच्या रेषा पाहिल्या. “आणि पतंग कुठे उडवायचे?”

“पतंग?” मी विचारलं.

“तू बडोद्याचीच ना गं?”

“हो, समा भागातली.”

“मग विचारतेस काय?”

मी पॅनेलमुळे किती कार्बन वाचतो ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “छान. म्हणजे उत्तरायणाला, ऐन संक्रांतीत, आम्ही सगळ्यांनी उंधियो खात घरात बसायचं आणि वाचलेला कार्बन बघायचा.”

“ताई, ते दोन दिवस पॅनेल काढून ठेवू ने!” धनाजीराव म्हणाले. “पोरी, निघतात ना?”

“निघतात. सुवर्णही निघतं.”

“चल रे गोविंद,” म्हणत बाई जिन्याकडे वळल्या.

धनाजीरावांनी मला कोपऱ्यात ओढलं. “अर्धी अगाशी मोकळी सोड!”

“गुण कमी पडतील.”

“मग दुसरीकडून आण. सुवर्ण पण पाहिजे, ताई पण पाहिजेत.”

दुसरीकडे एकच जागा होती. “तुमचा धबधबा, काका. त्याचा पंप वीज खातो आणि भोवतीचं लॉन पाणी पितं. दोन्ही काढून कडुलिंब, करंज लावले तर गुण भरून निघतात.”

“धबधबा? हरगिज नाही! माझ्या मेव्हण्याच्या स्कीमला कारंजं आहे. ते आठ फुटी आहे, माझा धबधबा बारा फुटी.”

“मेव्हणे चार फ्लॅट घेतायत का?” जिन्यातून बाईंनी विचारलं.

धनाजीरावांनी कठड्यावरून खाली पाहिलं. गेटवर धबधब्याची चाचणी चालू होती. पाणी अर्ध्यापर्यंत येऊन गुरगुरत होतं.

“बंद करा रे ते!” ते खाली ओरडले. आवाज जरा फाटला.

सुवर्ण वाचलं, नोकरी वाचली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तोवर बाई परत वर आल्या होत्या.

“दक्षिणेची अर्धी बाजू आमची. जानेवारीत वारा ईशान्येचा. पतंग नैर्ऋत्येला जाणार, तुमच्या पॅनेलवर मांजा घासायला नको.”

वाऱ्याचं बरोबर होतं. पण मग पॅनेल उत्तरेला, आणि मधोमध पाण्याची टाकी. हिवाळ्यात तिची सावली नेमकी उत्तरेकडे पडते.

“टाकी सरकवावी लागेल,” मी म्हणाले.

“टाकी!” धनाजीराव माझ्याकडे बघतच राहिले. “तू कुणाच्या बाजूची आहेस गं?”

मी मोजायची टेप उघडली होती. “दुसरं टोक धरा, काका.”

त्यांनी धरलं.